ओवीला नाव हवे

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखामुळे वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे दातृत्व सुमारे दीड हजार वर्षांनंतरही आपणांस ठाऊक आहे. तेथील भिंतींवर रंग भरणाऱ्या हातांची नावे मात्र आपणांस सांगता येत नाहीत. दात्याचे नाव टिकावे आणि कर्त्याचे पुसले जावे, ही आपल्याकडील जुनीच रीत होय.

जात्यावरच्या ओवीची गत याहून निराळी झाली नाही. भारतात १९०२ साली ध्वनिमुद्रण सुरू झाले. पण कंपन्यांचा हिशेब विक्रीचा. पहाटे दळता दळता गाणाऱ्या बाईच्या तबकडीला गिऱ्हाईक कोठून मिळणार? पुस्तकांत ओव्या छापल्या गेल्या, त्याही बहुधा ‘लोकगीते’ या मोघम नावाखाली.

या रीतीला छेद दिला तो हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून लाखाच्या घरात ओव्या जमविल्या आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदविले. संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्यांतील अनेक ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, बाबासाहेबांच्या ओव्या गाणाऱ्या माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांचे आवाज त्यामुळेच उरले. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ हा संग्रह लोकांपुढे आणीत आहे.

ओवी सर्वांची, मग एकीचे नाव कशाला, असा आक्षेप घेतला जातो. ओवीचा साचा परंपरेचा, हे खरेच. परंतु त्या साच्यात सीतेचा वनवास घालताना कोणता शब्द निवडावा, कोठे थांबावे, हे ती बाई ठरविते. तेवढे कर्तृत्व आपण अभंगकर्त्याला सहज देतो. मग दळणारणीलाच ते का नाकारावे?

पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. त्याबरोबर गाण्याचे निमित्तही सरले. ज्यांना ओव्या मुखोद्गत आहेत, त्या बाया आता वृद्ध झाल्या आहेत. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हे काम अंगावर घ्यावे. ध्वनिमुद्रणाचे साधन आज विद्यार्थ्याच्या खिशातच आहे. गायिकेची संमती घ्यावी, नाव, गाव व साल नोंदवावे आणि एक प्रत त्याच गावाच्या शाळेत ठेवावी. याला मोठे अनुदान लागत नाही. आपल्या आजीलाही नाव आहे, एवढे मान्य करण्याची तयारी लागते.