डोळ्यांना गुण नाहीत

वाग्यू, म्हणजे जपानी गोमांस, म्हटलं की हल्ली आपल्याकडचे खवय्येही छातीठोकपणे सांगतात, जपानमध्ये म्हणे बैलांना बिअर पाजतात, मालिश करतात, गाणी ऐकवतात. ही लोणकढी ज्याने पहिल्यांदा सोडली, त्याच्या धंद्याच्या अकलेला माझा नमस्कार. जनावराला काय काय देतात याच्या सुरस कथा सगळ्यांना पाठ, आणि काय देत नाहीत हे विचारायला कोणी तयार नाही.

जीवनसत्त्व अ देत नाहीत. तेही ठरवून.

कारण सरळ आहे. मांसात चरबीच्या पांढऱ्या रेषांचं जाळं जितकं दाट, तितका भाव चढा. आणि चरबीच्या पेशी तयार होण्यात जीवनसत्त्व अ खोडा घालतं. मग तो खोडाच काढून टाकायचा. दहाएक महिन्यांचा गोऱ्हा विकत घ्यायचा, जवळजवळ अडीच वर्षांचा होईतो गोठ्यात पोसायचा आणि मधले काही महिने हिरवं गवत तोंडाला लावू द्यायचं नाही, कारण गवतातल्या कॅरोटीनपासून शरीर हेच जीवनसत्त्व बनवतं. दावणीत वाळका भाताचा पेंढा आणि धान्याचा भरपूर खुराक. यकृतातला साठा उतरत जातो. रक्त तपासत तपासत १०० मिलीलिटरमागे ३० युनिटांच्या जरा वर जनावर तोलून धरायचं. त्याखाली घसरलं की ते खाणं टाकतं, पाय सुजतात, दृष्टी जाते.

मी जनावरांचा डॉक्टर. दुष्काळात नुसत्या कडब्यावर जगलेलं वासरू दिवेलागणीला गव्हाणीला धडकताना पाहिलंय. बॅटरी मारली तर बाहुली आकसत नाही, तशीच मोठी राहते, आतून निळसर-हिरवी चमकते. "डॉक्टरसाहेब, दिसंल का हो परत?" या प्रश्नाला मी गोल गोल उत्तरं दिली आहेत. नुसता रातांधळेपणा असेल तर इंजेक्शनाने उतरतो. पण वाढत्या वयात कवटीतली वाट अरुंद होऊन डोळ्याची नस आवळली गेली, तर ती दृष्टी गेली ती गेलीच. त्या शेतकऱ्याच्या शिवारात हिरवी काडी नव्हती. जपानातल्या गोठेवाल्याची तशी काही अडचण नाही.

अमेरिकेतले फीडलॉटवाले काही संत नव्हेत. धान्याच्या माऱ्याने यकृतात गळवं होतात, म्हणून ते खाद्यात टायलोसिन मिसळतात. पण जीवनसत्त्व अ ते निमूट घालतात, किलोभर कोरड्या खाद्याला २२०० युनिटांच्या हिशेबाने. आंधळा बैल वजन धरत नाही, एवढं त्यांना कळतं. खर्च किरकोळ.

जपानी शेतकऱ्यालाही मी एकट्याला झोडपणार नाही. १९९१ मध्ये तिथल्या सरकारने गोमांस आयातीवरचा कोटा उठवला आणि स्वस्त परदेशी मांसापुढे टिकायचं तर दाट चरबीशिवाय त्याच्या हाती फारसं काही उरलं नाही. दोष तिथे मांसाची प्रत ठरवणाऱ्या तक्त्याचा. सहाव्या आणि सातव्या बरगडीच्या मधोमध काप घेऊन चरबीचं जाळं, मांसाचा रंग, घट्टपणा, चरबीची झळाळी बघतात. जाळ्याला १२ पैकी किमान ८ गुण असल्याशिवाय ए-फाइव्ह ही सर्वांत वरची प्रत मिळत नाही. मांसात सूज दिसली तर दोष म्हणून शिक्का बसतो, कारण त्याने गिऱ्हाईक बिथरतं. डोळे गेले असतील तर? तक्त्यात तो रकानाच नाही.

समर्थक म्हणतात, सगळं नियंत्रणात असतं, आंधळी फार थोडी होतात, शेवटच्या टप्प्यात जीवनसत्त्व परत देतात. असेल. पण रक्ताची ती तपासणी जनावर निरोगी ठेवण्यासाठी चालत नाही. आणखी किती ताणलं तर ते कोसळणार नाही, याचा तो अंदाज असतो. आमच्या धंद्यात याला उपचार म्हणत नाहीत.

एवढाच विश्वास असेल तर मेनूकार्डावर ए-फाइव्हच्या शेजारी त्या जनावराच्या रक्तातला सर्वांत खालचा आकडा छापा. मालिशवाल्याचा फोटो काढून टाका, जागा होईल.