थोडक्या खर्चातला मोठा दिवस

युरोपची सहल म्हटली की वातानुकूलित बस, हातात झेंडी धरलेला मार्गदर्शक आणि हप्त्याने फेडायची मोठी रक्कम डोळ्यांसमोर उभी राहते. पाठीवर एक पिशवी घेऊन, पैसा मोजून वापरत केलेला प्रवास ही तेथील याहून जुनी रीत आहे. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला १९०९ साली विद्यार्थ्यांसह पदभ्रमण करताना वादळामुळे एका शाळेत रात्र काढावी लागली. युवा वसतिगृहांची कल्पना त्यातून जन्मली. पुढे १९५९ साली युरोपबाहेरील प्रवाशांसाठी युरेल पास आला, तर १९७२ साली युरोपातील तरुणांसाठी इंटररेल. आता दोन्हींना वयाची अट नाही. साठी ओलांडलेल्यांना तर सवलतही मिळते.

या पासाच्या एका प्रकारात महिन्यातील ठरावीक दिवसच प्रवासाचे धरले जातात. असा दिवस मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपतो. त्या दिवशी गाडीत एक तास बसा की बारा तास, दिवस एकच खर्ची पडतो. म्हणून काटकसरी प्रवासी पहाटेच उठतो. अतिवेगवान गाड्यांना पासावरही आरक्षणाचे वेगळे पैसे मोजावे लागतात. साध्या गाड्यांना बहुधा लागत नाहीत. त्यामुळे तो संथ गाडी निवडतो, आणि तिथेच त्याचा खरा लाभ सुरू होतो.

ब्रुसेल्स ते ऱ्हाईन नदी हा असाच एका दिवसाचा मार्ग आहे. सकाळची गाडी नामूरवरून आर्देनच्या जंगलांतून तीन-साडेतीन तासांत लक्झेंबर्गला पोहोचते. सीमा कधी ओलांडली, हे फलकांवरील भाषेवरूनच कळते. २०२० पासून या छोट्या देशात ट्राम, बस आणि दुसऱ्या वर्गाचा रेल्वे प्रवास सर्वांना मोफत आहे. याच देशातील मोझेल नदीकाठच्या शेंगेन गावी १९८५ साली सीमेवरील तपासणी उठविण्याचा करार झाला. भारतीय प्रवाशाच्या पारपत्रावर ज्या गावाच्या नावाचा व्हिसा असतो, ते हेच गाव.

दुपारी फ्रान्समधील मेत्झ येथे गाडी बदलायची. हे भव्य स्थानक १९०८ साली जर्मनांनी बांधले, कारण तेव्हा मेत्झ जर्मनीत होते. युद्धकाळात सैन्य झपाट्याने हलविता यावे, म्हणून येथील फलाट मुद्दाम प्रशस्त ठेवले गेले. आज त्याच फलाटावर एखादा विद्यार्थी दुकानातून घेतलेल्या पावाला घरची शेंगदाण्याची चटणी लावून पुढच्या गाडीची वाट पाहत बसतो. शाकाहारी प्रवाशाला हा शिधा पोटालाही बरा आणि खिशालाही.

संध्याकाळी स्ट्रासबर्ग येते. येथील १४२ मीटर उंचीचे कॅथेड्रल १६४७ ते १८७४ या काळात जगातील सर्वांत उंच इमारत होती. आत जायला पैसे पडत नाहीत. हे शहर १८७१ मध्ये जर्मनीकडे गेले, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि १९४४ मध्ये पुन्हा फ्रान्सकडे. १८७० साली येथे जन्मलेल्या आणि पंचाहत्तर वर्षे जगलेल्या माणसाने घराचा उंबरठा न ओलांडता चार वेळा देश बदलला. प्रत्येक बदलामागे एक युद्ध होते.

युरोपातील उन्हाळ्यात रात्री नऊ वाजताही उजेड असतो. त्या उजेडात ऱ्हाईनवरील पादचारी पुलावरून चालत गेले की पलीकडे जर्मनीतील केल हे गाव लागते. हा पूल २००४ साली झाला. पाय थकलेल्यांसाठी २०१७ पासून ट्रामही नदी ओलांडते. ज्या नदीसाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले, ती ओलांडायला आज चालणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही. अलीकडे जर्मनीने सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, म्हणून पारपत्र जवळ हवेच. मिळालेला विश्वास जपावा लागतो, याचीही ती आठवण म्हणावी.

या दिवसाचा ताळेबंद मांडताना नावे बाजूही प्रामाणिकपणे लिहावी लागेल. खांदे दुखतात, जेवण कोरडे होते, रात्री दहा जणांच्या खोलीत कोणीतरी घोरत असते. पिशवीतील प्रत्येक अनावश्यक वस्तू शिक्षा वाटू लागते. जमेला मात्र असे काही पडते, जे विमानाने तासाभरात पार होणाऱ्याला दिसत नाही: चार देश, एक चलन आणि त्यांच्यामधली उघडी दारे.

उच्च शिक्षणासाठी मुले परदेशी जातात, तेव्हा सुटीतल्या अशा भटकंतीची घरच्यांना धास्ती वाटते. विमा, पारपत्राची प्रत, मुक्कामाचा पत्ता आणि रोजचा एक फोन, एवढे ठरवून घ्यावे आणि मुलांना जाऊ द्यावे. इतिहासाच्या पुस्तकातील सीमारेषा पायांनी ओलांडून आलेला मुलगा किंवा मुलगी शेजाऱ्याशी भांडण्यापूर्वी एकदा तरी थांबून विचार करील.