काटोलचा दगड आणि टँकरचे पाणी

गेल्या आठवड्यात आम्ही विंचूरच्या आमच्या सातवीच्या वर्गात काटोलच्या दगडाची गोष्ट सांगितली. २२ मे २०१२ रोजी भरदुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलवर आकाशातून दगड पडले होते. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, त्यात पाणी होतं का?" उन्हाळ्यात तिच्या घरी टँकरची वाट पाहतात. तिला दुसरे काय सुचणार?

पाणी जवळजवळ नव्हते. होती ती खडकाची खनिजे आणि लोखंडाचे कण. याचे कारण साधारण साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचे आहे. कोवळ्या सूर्याभोवती तेव्हा वायू आणि धुळीची तबकडी फिरत होती. त्यात वायूच फार, धूळ शंभरात एखादा भाग. सूर्याजवळच्या उष्णतेत पाण्याची वाफच राहिली, म्हणून तिथली धूळ कोरडी. पुष्कळ लांब मात्र एवढी थंडी की वाफ पाणी न होता सरळ बर्फ होऊन कणावर बसे. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात पांढरा थर चढतो ना, तसा. त्याहून लांब कार्बन मोनॉक्साइडही गोठतो आणि त्या बर्फात हायड्रोजन मिळून मिथेनॉल तयार होते. म्हणजे धुळीचा कण ही त्या तबकडीतली प्रयोगशाळाच.

काटोलसारखे दगड आतल्या, कोरड्या बाजूचे मानतात. शिवाय ज्या मोठ्या खडकाचे ते तुकडे, त्याच्या पोटात ते नंतर चांगले भाजलेही गेले.

पण पृथ्वीही आतल्याच बाजूची. मग आपले पाणी? बरेचसे पाणी लांबच्या ओलसर दगडांबरोबर आले असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आणि तो बर्फ कुठला? मृग नक्षत्राच्या दिशेला व्ही ८८३ ओरायनिस नावाचा कोवळा तारा आहे. तो अचानक भडकला, त्याच्या तबकडीतल्या बर्फाची वाफ झाली आणि चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी ती मोजली. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्या वाफेतले जड पाण्याचे प्रमाण धूमकेतूंशी मिळतेजुळते निघाले. जड पाणी एवढे बनते ते कडाक्याच्या थंडीत, तारा जन्मण्याआधीच्या ढगात. तिथून ते तसेच तबकडीत उतरले.

"म्हणजे आमच्या टँकरचं पाणी सूर्याहून जुनं?"

"सगळं नाही, पण त्यातलं काही असावं."

दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, "सर, दादीला सांगितलं. ती म्हणाली, इतना पुराना पानी है, तो टँकर रोज लेट काय को आता?"