आधी जागा, मग राउटर
वसई-विरारमध्ये घरी ब्रॉडबँड घेताना माणसं पहिली चौकशी करतात ती राउटरला अँटेना किती याची, आणि तिथेच चुकतात. फायबरच्या जोडणीत कंपनी बसवून देते तो ओएनटी म्हणजेच आपला मोडेम. बहुतेक वेळा वायफायही त्यातच असतं. वन बीएचकेला तेवढं पुरतं, फक्त तो दारामागे चपलांच्या रॅकवर नको, घराच्या मध्यावर आणि उंचावर हवा. वायफायच्या ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा वेग जास्त, पण भिंत आली की तो दमतो, २.४ हळू, पण लांब पोचतो. म्हणून वसईगावातल्या जाड भिंतींच्या दुमजली घरात एकच महागडा राउटर घेणं पैशांची नासाडी आहे. वर वायर ओढा आणि साधा दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. मेश, म्हणजे घरभर ठेवायच्या वायफाय डब्यांचा संच, का नको? चालेल की, पण त्याचे डबे आपसात हवेतूनच बोलत असतील तर भिंत तिथेही आडवी येते. वाचलेल्या पैशांत, वीज गेल्यावर मोडेम आणि राउटर चालू ठेवणारा मिनी यूपीएस घ्या. वीज गेल्यावर लाइनही जाईल, हा आक्षेप इमारतीत विजेवरचा स्विच बसवणाऱ्या केबलवाल्यांबाबत खरा आहे. काचेची तार थेट घरात आली असेल, तर वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. जुलै २०१८ मध्ये इथे आला तसा पूर येऊन वीज बराच काळ गेली, तर कोणताच यूपीएस पुरणार नाही, पण पावसाळ्यातल्या रोजच्या तास-दोन तासांना नक्की पुरतो. घेण्याआधी मोडेम आणि राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर तेवढे वाचून जा.