वायद्याचा माल

'वायदा' हा शब्द इंदुरात लहानाचा मोठा झालेल्या माणसाच्या कानी प्रथम पडतो तो वचन ह्या अर्थाने नव्हे, बाजाराचा शब्द म्हणून. सर सेठ हुकुमचंद यांच्या काळी ह्या शहरातील कापसाच्या सट्ट्याची कीर्ती पार मुंबईच्या पेढ्यांपर्यंत पोहोचलेली होती, आणि शेतात बोंड धरण्यापूर्वीच त्या कापसाची मालकी चार हातांतून फिरून पाचव्याच्या खातेवहीत जाऊन बसे. पुढे कापूस मागे पडला, माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन आले, त्याच्या तेलाचे वायदे सुरू झाले, तरी व्यवहाराची रीत तीच राहिली. सट्ट्याचे समर्थन करण्याचा माझा मुळीच हेतू नाही, कारण त्यापायी धुळीस मिळालेली घरे आमच्या रामबागेतही होती आणि वडीलधारी मंडळी त्यांची नावे आवाज खाली करूनच घेत. परंतु त्या बदनाम धंद्यालाही एक इभ्रत होती: प्रत्येक सौद्यास मुदत असे, ती भरे, आणि त्या दिवशी ज्याचा अंदाज चुकला त्यास फरकाची रक्कम मोजून द्यावी लागे.

हे सारे मला आठवले ते एका मनगटी घड्याळामुळे.

माझ्या साठीशांतीच्या दिवशी भाच्याने मोठ्या प्रेमाने एक स्मार्टवॉच माझ्या हाती बांधले. ते वेळ सांगे ही त्यातील सर्वांत गौण गोष्ट होती. नाडीचे ठोके, रक्तातील प्राणवायू, दिवसभरातील पावले ह्यांची नोंद ते संस्थानी दप्तरातील एखाद्या जुन्या कारकुनाच्या चिकाटीने ठेवी आणि सकाळी डोळे उघडताच आदल्या रात्रीच्या निद्रेस शंभरांपैकी गुण देई. एका सकाळी मला चौसष्ट गुण मिळाले व मी दुपारपर्यंत खिन्न होतो. "अहो, झोप तुम्ही घेतलीत, मग कशी लागली हे त्याला काय विचारता?" असे सौभाग्यवतींनी म्हटले, तेव्हा मी त्यांस विज्ञानाच्या प्रगतीवर एक छोटेखानी व्याख्यान ऐकवले. ते व्याख्यान मला आता मागे घ्यावे लागत आहे.

झाले असे की, अडीच वर्षांनी त्या घड्याळाच्या कंपनीने आपले ॲप बंद करीत असल्याची दोन ओळींची सूचना पाठवली, जिच्याकडे मी अर्थातच लक्ष दिले नाही. आणि ओंकारेश्वरास गेलो असता चार दिवसांत चार्जिंग पूर्ण उतरले; घरी येऊन ते पुन्हा लावल्यावर घड्याळ उजळले खरे, पण फोनशी जोडणी केल्यावाचून वेळदेखील सांगेना, आणि जोडणी ज्या ॲपने करावयाची ते तर अस्तित्वातच उरलेले नव्हते. मी ते जेलरोडवर नेले. दोन हात रुंदीचे काउंटर, त्यावर ब्लोअर, भिंगाखाली उघडे पडलेले कुणाच्या तरी फोनचे मदरबोर्ड, आणि ज्यास आपण काच म्हणतो व कारागीर फोल्डर म्हणतो त्यांच्या मॉडेलवार लावलेल्या चळती, अशा एका दुकानात माझे फोन गेली कित्येक वर्षे दुरुस्त होत आले आहेत. तेथील कारागिराने घड्याळाची पाठ गरम करून उघडली, बॅटरी मापली, पुन्हा बंद केली आणि म्हणाला, "मशीन तो एकदम ओके है भिया, पर कंपनी ने उधर से बंद कर दिया. इसमें अपन कुछ नी कर सकते." त्याने पैसे घेतले नाहीत.

'उधर से' ह्या दोन शब्दांवर मी घरी येईपर्यंत विचार करीत होतो. हे 'उधर' कोठे आहे? दुकान इंदूरचे, पैसा आमचा, मनगट माझे. आणि वस्तूचा प्राण मात्र कोठे तरी परदेशातील एका यंत्रागारात, जेथील दिवा मालवण्याचा अधिकार सर्वस्वी दुसऱ्याचा. गोष्टीतील राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडे पोपटात असे. पण त्या राक्षसास निदान ते ठाऊक तरी असे.

माझ्या टेबलाच्या खणात वडिलांचे एचएमटी 'जनता' आहे, रोज सकाळी चावी द्यावी लागणारे. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने बंगळूरच्या कारखान्यात १९६१ साली मनगटी घड्याळे करण्यास आरंभ केला, आणि त्या घड्याळ-कंपनीच्या समाप्तीस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या जानेवारीत मान्यता दिली. म्हणजे तेथे करणारा गेला आणि घड्याळ चालू आहे, तर येथे करणारा चालू आहे आणि घड्याळ गेले. गतकाळाची आरती ओवाळण्याचा माझा स्वभाव नाही. वडिलांचे घड्याळ आठवड्यास चार मिनिटे मागे पडते, आणि दूरदेशी असलेल्या नातीचे दर्शन मला घडते ते चावीच्या घड्याळातून नव्हे. पोह्यांच्या गाडीवर क्यूआरचा चौकोन टिपून पंधरा रुपये देताना मला कोणतेही तात्त्विक क्लेश होत नाहीत. जे चालते ते मी वापरतो. माझी तक्रार चालण्याविषयी नसून मुदतीविषयी आहे.

नव्या तंत्रवस्तूंविषयीच्या हर्षवायूची एक वक्ररेषाच अमेरिकेतील गार्टनर ह्या सल्लागार संस्थेने १९९५ पासून प्रचारात आणली आहे: प्रथम अपेक्षांचे शिखर, मग निराशेची दरी, मग हळूहळू शहाणपणाची चढण. आपल्याकडे हे सारे 'नव्याचे नऊ दिवस' एवढ्यातच आटोपले होते. मात्र ही म्हण ज्या काळी घडली त्या काळी नवलाई संपे ती वापरणाराच्या कंटाळ्याने, वस्तूच्या मरणाने नव्हे. नऊ दिवसांनंतर दहाव्या दिवशीही पितळेचा डबा पितळेचाच राही. आता दिवस मोजण्याचे काम कारखानदाराने आपल्याकडे घेतले आहे, आणि ते नऊ की नऊशे हे तो आधी सांगत नाही.

चष्मा लावून पाहावयाच्या त्रिमिती दूरचित्रवाणी संचांचा २०१० च्या सुमारास केवढा गवगवा झाला होता! २०१७ पर्यंत मोठमोठ्या कंपन्यांनी ते करणेच सोडून दिले आणि चष्मे तेवढे घरोघरी मुलांच्या खेळण्यांत उरले. २०१६ च्या फेब्रुवारीत तर २५१ रुपयांत स्मार्टफोन देऊ करणाऱ्या नोएडाच्या एका नव्या कंपनीकडे नोंदणीसाठी एवढी झुंबड उडाली की तिचे संकेतस्थळच कोसळले. दोनशे एक्कावन्न रुपयांत चांगली छत्रीही येत नाही हे जाणणाऱ्या गृहस्थांनीसुद्धा त्यात नाव घातले होते. त्या खरेदीत फोन कोणीच घेत नव्हते, सारे वायदा घेत होते, तोही एकतर्फी. आणि येत्या दिवाळीस महाराणी रोडवर जाऊन पाहावे, शीतकपाटापासून कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत प्रत्येक वस्तूवर 'एआय'ची चकचकीत चिठ्ठी दिसेल. नव्वदीच्या दशकात त्याच यंत्रांवर, त्याच जागी, 'फजी लॉजिक' असे लिहिलेले असे. ते काय असते हे तेव्हा विकणारास सांगता येत नव्हते, घेणारास विचारण्याचा संकोच वाटे, आणि कपडे दोन्ही काळी सारखेच धुतले जात.

नवलाईची हौस ह्या शहरास नवी नाही. महाराज यशवंतराव होळकरांनी १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत एकार्ट मुथेसियस ह्या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग महाल उभारून घेतला, तेव्हा युरोपातही जे क्वचित आढळे ते तेथे आणविले होते. त्यात वाचणाराच्या डोक्याशी दिवे बसवलेल्या तांबड्या आरामखुर्च्यांची एक जोडी होती. सामान्य रयतेच्या दृष्टीने तो निव्वळ राजविलासच म्हणावा लागेल. पण त्या खुर्चीतील दिवा गेला तर दुसरा बसवता येई, आणि नाही बसवला तरी खुर्चीची खुर्ची राही. महालातील सामान १९८० मध्ये मोनॅको येथे सदबीच्या लिलावात निघाले, त्या वास्तूत केंद्र सरकारच्या करखात्याचे दप्तर आले, आणि त्या खुर्च्या आज, नव्वदी उलटल्यावरही, बसण्याजोग्या आहेत.

त्याहून मला मोलाचा वाटतो तो दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा व्यवहार. आगगाडी ही त्या काळची सर्वांत मोठी नवलाई. ती इंदुरास यावी म्हणून त्यांनी इंग्रज सरकारास एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, पण भारावून जाऊन नव्हे. व्याज साडेचार टक्के, मुदत एकशे एक वर्षे, असे कागदावर उतरवून घेऊन. नव्या यंत्राचे स्वागत कसे करावे ह्याचा ह्यापरता चोख नमुना मला ठाऊक नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीचा एक योगायोग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. एबी रोडवर राजीव गांधी चौकापासून निरंजनपूरपर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरची, केवळ बसगाड्यांसाठी राखलेली बीआरटीएसची मार्गिका २०१३ च्या मे महिन्यात मोठ्या थाटात सुरू झाली होती; ती काढून टाकण्यास उच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारीस मुभा दिली. तिने बारा वर्षे माणसे वाहिली, तेव्हा तिने शब्द मोडला असे मी म्हणणार नाही, आणि ती काढणे योग्य की अयोग्य ह्यावर छप्पन दुकानाच्या खाऊगल्लीत अद्याप दोन तट पडतात. दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीस, अमेरिकेतील ह्युमेन कंपनीची छातीवर लावावयाची पिन, जी फोनची जागा घेणार म्हणून आदल्या एप्रिलात ६९९ डॉलरना विक्रीस आली होती, कायमची मुकी झाली. कंपनीने आपली बहुतेक मालमत्ता एचपीस विकली आणि यंत्रागाराचा दोर कापला. रस्त्यावरील लोखंडी कठडा उखडण्यास याचिका, समिती, सुनावणी आणि हुकूम लागला. लोकांनी पदरचे पैसे मोजून घेतलेली वस्तू मारण्यास एक पत्रक पुरले.

सर सेठांच्या नावाची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्याचा प्रश्न सुटावयास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. बत्तीस वर्षे, आणि त्यात कित्येक जण वाट पाहतच गेले. ह्या विलंबाचे गोडवे कोण गाईल? तरीही देणे हे देणे म्हणून कोठे तरी लिहिलेले होते, म्हणूनच त्याचा तगादा लावता आला. आपल्या हातातील यंत्रांच्या बाबतीत तसे काही लिहिलेलेच नसते, आणि लिहिले तर पाळावे लागते हे युरोपने अलीकडे दाखवून दिले आहे: तेथे २० जून २०२५ पासून नव्या नमुन्याचा स्मार्टफोन विकावयाचा तर त्याचे सुटे भाग, विक्री थांबल्यावरही, सात वर्षे मिळाले पाहिजेत आणि आज्ञावलीच्या सुधारणा निदान पाच वर्षे, असा कायदाच आहे. आपल्याकडे निर्मात्यावर ई-कचऱ्याची जबाबदारी टाकणारे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. म्हणजे वस्तू मेल्यानंतरच्या अंत्यविधीची तजवीज झाली, ती जगावी किती ह्याची व्हावयाची आहे. खोक्यावर किंमत छापणे सक्तीचे आहे, अन्नपदार्थांच्या वेष्टनावर मुदत छापणे सक्तीचे आहे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यास जी शिस्त लागू, ती पाच हजारांच्या घड्याळास का नसावी, एवढाच माझा अर्ज आहे.

अंत्यविधीच्या बाबतीत मात्र आमचे शहर खरोखर अग्रगण्य आहे. ओला, सुका, प्लास्टिक, घरगुती घातक, सॅनिटरी आणि इलेक्ट्रॉनिक असे सहा प्रकार येथे दारातच वेगळे होतात. गेल्या मंगळवारी सकाळी गाडीचे गाणे वळणावर ऐकू येताच मी ते घड्याळ घेऊन खाली उतरलो. आदल्या रात्री मी ते चार्ज केले होते, अशासाठी की त्यातील माझी झोप आणि माझी नाडी पुसून मगच ते टाकावे. पण पुसण्यासही ॲपच लागते असे आढळले. गाडीवरच्या बाईंनी ते हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. पडदा उजळला आणि त्यावर फोनचे चित्र आले.

"अंकल, ये तो चालू है," असे म्हणून त्यांनी ते माझ्या हाती परत ठेवले, आणि गाडी गाणे वाजवीत पुढच्या घरी गेली.