हिशेब मागा!

"पैसा सरकारचा, कोणी खाल्ला तर आपले काय गेले?" असा प्रश्न आपल्यापैकी अनेकजण करतात. हा प्रश्न नागरिकाला शोभत नाही. सरकारजवळ स्वतःचा छदामही नसतो. साधी काडीपेटी घेतानाही तुम्ही कर भरता. तिजोरी भरणाऱ्याने तिचा हिशेब मागू नये, हा कोठला न्याय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे थोर अर्थशास्त्रज्ञ होते. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी महालेखापरीक्षकाला राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले, ते उगीच नव्हे. १४८ व्या कलमान्वये त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच पदच्युत करावे लागते. निवृत्तीनंतर त्याला सरकारी पदही स्वीकारता येत नाही. भय व लोभ या दोहोंपासून त्याला असे दूर ठेवले आहे.

याच अधिकाऱ्याच्या २०१८ च्या अहवालात महाराष्ट्रासह पाच राज्यांतील अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची तपासणी आहे. १९९० च्या कायद्याने ही सवलत बौद्ध झालेल्या कुटुंबांसही खुली झाली, म्हणजे हा हिशेब तुमच्याच मुलांचा! विलंबाने झालेले वाटप आणि अनियमित व जादा दिलेल्या रकमा तेथे नोंदल्या आहेत. शुल्क थकले म्हणून ज्याचे शिक्षण सुटले, त्याची वर्षे कोण परत करणार? याला कारकुनी चूक म्हणणे म्हणजे मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्यास भुकेलेला म्हणणे होय!

परंतु लेखापरीक्षक दोष दाखवितो, शिक्षा देत नाही. १५१ व्या कलमान्वये त्याचे अहवाल संसदेपुढे व विधिमंडळापुढे येतात. लोकलेखा समिती साक्षी घेते. पुढची कारवाई मात्र बहुधा त्याच खात्याच्या हाती असते. कुंपणच शेत खात असेल, तर राखणदाराने नुसती हाक मारून काय होणार? ती हाक ऐकून धनी धावला पाहिजे.

तो धनी तुम्ही आहात. माहितीचा अधिकार २००५ पासून तुमच्या हाती आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयात तसेच महाराष्ट्रात अर्जास १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाहीत. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. वसतिगृहाचा निधी कोठे गेला? शिष्यवृत्ती कोणाच्या नावे निघाली? लेखी विचारा. दोषी आपल्या समाजाचा निघाला, तर जातभाई म्हणून त्यास पाठीशी घालू नका. त्याने लुटले ते आपल्याच लेकरांना.

दान मागणारा हात पसरतो. हक्क मागणारा हिशेब मागतो. तुम्ही हिशेब मागा!