सुरतचा जोडा आणि माझा दगड



मी इथे एरवी जुन्या सुरतच्या आठवणी लिहितो. उधन्याचे रेल्वे क्वार्टर्स, तापीचे पूर, गणपतीतली नाटके, बँकेतले गमतीदार ग्राहक. आज जरा वेगळे लिहायचे आहे, आणि थोडे स्वतःच्या विरुद्ध लिहायचे आहे. एक गोष्ट पन्नास वर्षे कुणाला सांगितली नव्हती. आता पंचाहत्तरीच्या जवळ आलो, लपवून काय करायचे?

निमित्त झाले २०२५ च्या जून-जुलैचे. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला होता. सरकारने निर्णय मागे घेतला, पण हवा तापलेलीच राहिली. मीरा रोडला मराठी बोलण्यावरून मनसेच्या कार्यकर्त्यांनी एका दुकानदाराला मारले, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. मग व्यापाऱ्यांचा मोर्चा, त्याला उत्तर म्हणून मराठी माणसांचा मोर्चा, पोलिसांची धरपकड. ठाण्याच्या नातवाने तो मारहाणीचा व्हिडिओ मला पाठवला. खाली लिहिले होते, "आजोबा, बघा. असंच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अडाजणच्या बागेत आमचा फिरायचा कंपू जमला. त्यातल्या एका गुजराती मित्राने अगदी सहज विचारले, "तमारे त्यां आ शुं चाले छे?" तुमच्याकडे हे काय चाललंय? माणूस चांगला, प्रश्नात खोच नव्हती. पण "तुमच्याकडे" हा शब्द मला टोचला. माझा जन्म इथला, शिक्षण इथले, नोकरी इथली, बायकोचे दहन अश्विनीकुमार स्मशानात झाले. तरी मीरा रोडला कुणीतरी कुणाच्या कानफटात मारली की मी एका दिवसात "तिकडचा" होतो. परमुलुखात राहणाऱ्या माणसाला हा हिशेब चांगला कळतो. भाषण एका गावात होते आणि त्याचे व्याज दुसऱ्या गावातल्या माणसाला भरावे लागते.

हे मी पहिल्यांदा बघत नव्हतो. १९५६ साली मी पाच वर्षांचा होतो. वडील रेल्वेत, धुळ्याकडून बदलून उधन्याला आलेले. तेव्हा सुरत आणि मुंबई एकाच राज्यात होती. मुंबई कुणाची यावरून तिकडे रण माजले होते. २० नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीच्या सभेत मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांनी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी डिवचणारी भाषणे केली. सभा उधळली गेली आणि दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि गोळीबारात आणखी कितीतरी माणसे गेली. ऑगस्टमध्ये अहमदाबादला काँग्रेस हाऊससमोर महागुजरातसाठी जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणजे बघा, इकडची पोरेही गेली आणि तिकडचीही गेली.

मला त्यातले एवढेच आठवते की वडील आईला म्हणायचे, "बाजारात मोठ्याने मराठी बोलू नकोस." आणि हेही आठवते की शेजारच्या गुजराती बा रोज संध्याकाळी मुद्दाम आमच्या ओट्यावर येऊन भाजी निवडत बसायच्या. गल्लीतल्या सगळ्यांना दिसावे म्हणून. त्यांनी कधी भाषण केले नाही.

आता आपल्या सुरतच्या एका जुन्या प्रसंगाकडे येतो. शाळेत आपण सगळ्यांनी एका ओळीत शिकलो आहोत: १९०७, सुरत काँग्रेस, जहाल-मवाळ फूट. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न. पण निवृत्तीनंतर मी त्याबद्दल मिळेल ते वाचले, आणि बँकेतल्या माणसाला त्यात जे दिसले ते सांगतो.

अधिवेशन खरे तर नागपूरला व्हायचे होते. तिथे जहालांचा जोर, म्हणून ते सुरतला हलवले. इथूनच संशय सुरू झाला. जहालांना लाला लजपतराय अध्यक्ष हवे होते, मवाळांनी रासबिहारी घोष ठरवले. त्यात भर म्हणून बातमी पसरली की १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनातले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षणाचे ठराव पातळ करणार. २६ डिसेंबरला पहिल्याच दिवशी सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लोकांनी बोलू दिले नाही, सभा तहकूब झाली.

२७ तारखेला टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवी यांना चिठ्ठी पाठवली, की अध्यक्षपदाच्या सूचनेला अनुमोदन झाल्यावर मला बोलायचे आहे, तहकुबीची सूचना मांडायची आहे. उत्तर आले नाही. आठवण करून दिली, तरी उत्तर नाही. टिळक व्यासपीठावर चढले. त्यांना नियमबाह्य ठरवले गेले, ते हाताची घडी घालून उभे राहिले, हलेनात. दोन्हीकडून आरडाओरडा, खुर्च्या, काठ्या. एवढ्यात मंडपातून एक जोडा उडत आला. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, त्याने त्या जोड्याचे वर्णन करून ठेवले आहे: मराठी पद्धतीचा, लालसर चामड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेला. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला.

मी ३६ वर्षे बँकेत काढली. काउंटरवरचे भांडण नेहमी कुठून सुरू होते माहीत आहे? ग्राहकाचा अर्ज घेऊन त्याला पोच दिली नाही, तिथून. "तुमचा अर्ज नामंजूर आहे" असे सांगितले तर माणूस चिडतो, पण घरी जातो. उत्तरच दिले नाही तर तो तिथेच उभा राहतो, मागची रांग ढकलायला लागते, आणि मग काच फुटते. सुरतेत टिळकांच्या चिठ्ठीला "नाही" असे तरी उत्तर मिळाले असते तर काय झाले असते, हे मी सांगू शकत नाही. पण चिठ्ठीला उत्तर न देणाऱ्याचाही त्या जोड्यात वाटा होता, असे मला वाटते. आज सरकार कुठल्याही पक्षाचे असो, निवेदन घेऊन आलेल्यांना चार-चार तास फाटकाबाहेर उभे करणाऱ्या साहेबांनी हे ध्यानात ठेवावे.

त्या जोड्याने मिळवले काय? सहा महिन्यांत टिळकांना अटक झाली आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. पाठीशी उभी राहायला एकसंध काँग्रेस उरलीच नव्हती. दोन्ही बाजू एकत्र यायला १९१६ चे लखनौ उजाडले. तोवर गोखले आणि फिरोजशहा दोघेही वारले होते. फायदा झाला तो इंग्रजांचा.

याच गोंधळातली एक गोष्ट मात्र आपल्याला कुणी शिकवली नाही. टिळकांच्या अंगावर लोक धावून आले तेव्हा दोन्ही हात पसरून त्यांना आड कोण झाले? गोखले. आयुष्यभराचे विरोधक. हेही नेव्हिन्सननेच लिहून ठेवले आहे.

आता माझी गोष्ट.

१९७४, नवनिर्माण आंदोलन. अहमदाबादच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मेसच्या बिलावरून सुरू झालेले प्रकरण महागाई आणि भ्रष्टाचारावर गेले आणि सगळे गुजरात पेटले. मी बी.कॉम. होऊन बँकेत नुकताच लागलेलो, कॅश काउंटरवर कारकून. तेलाचे भाव ऐकून आई रडायची, हे डोळ्यांनी बघत होतो. राग खरा होता. आम्ही थाळ्या वाजवल्या, सरकारची प्रेतयात्रा काढली. तोवर सगळे ठीक होते.

एका संध्याकाळी भागळच्या बाजूला जमाव होता. कुणीतरी ओट्यावर चढून बोलत होता: व्यापारी चोर आहेत, साठेबाज आहेत, तुमच्या पोरांच्या तोंडचा घास यांच्या गोदामात आहे. बोलणारा कोण, कुठल्या पक्षाचा, मला आजही माहीत नाही. पण दहा मिनिटांत माझ्या हातात दगड होता. तो मी कुठून उचलला ते आठवत नाही. समोर किराण्याचे एक लहान दुकान, अर्धे शटर ओढलेले. पाच-सहा दगड एकदम गेले, त्यात माझा एक. आतून कुणीतरी ओरडले. आम्ही पळालो.

तीन-चार दिवसांनी बँक उघडली. माझ्या काउंटरवर तो दुकानदार आला. भुवईच्या वर पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. सातशे-आठशे रुपये भरायला आणले होते, बहुतेक सुट्या एक-दोनच्या नोटा. साठेबाजाची कमाई! म्हणाला, "भाई, जरा गणी आपो ने, मने बराबर देखातुं नथी." जरा मोजून द्या, मला नीट दिसत नाही. मी मोजल्या. चुकलो, परत मोजल्या. पुन्हा चुकलो. तो म्हणाला, "कांई वांधो नहीं, निरांते गणो." सावकाश मोजा.

त्याला माझाच दगड लागला की शेजारच्याचा, मला सांगता येत नाही. सुरत काँग्रेसमधला जोडा कुणी मारला तेही नक्की ठरलेले नाही. जमावाची हीच तर सोय असते, व्हाउचरवर कुणाची सही नसते. पण मी पुढे वीस वर्षे त्या माणसाची स्लिप भरून घेतली, त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेतली, आणि तोंड उघडले नाही. आता तो हयात नाही. दुकानाच्या जागी मोबाइलचे दुकान आहे.

९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला. आंदोलनात शंभराच्या आसपास माणसे गेली होती. १९९० मध्ये तेच चिमणभाई निवडून येऊन पुन्हा मुख्यमंत्री झाले. २०१५ च्या पाटीदार आंदोलनात वराछा-कापोद्राकडे जाळपोळ झाली ती तर आपण सगळ्यांनी पाहिली. सुरतेत पोलिसांविषयी केलेल्या विधानावरून हार्दिक पटेलांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, लाजपोरच्या तुरुंगात काही महिने काढावे लागले. २०२२ मध्ये ते ज्या सरकारविरुद्ध लढले त्याच पक्षात गेले आणि आमदार झाले. मत बदलायचा हक्क प्रत्येकाला आहे, मी त्यांना नावे ठेवत नाही. पण त्या आंदोलनात ज्यांची पोरे गेली त्या आयांना कुठल्या पक्षात जाऊन ती परत मिळणार?

काही जण म्हणतील, काका, थंडपणाने काही मिळते का? संयुक्त महाराष्ट्र अर्ज करून मिळाला का? प्रश्न बरोबर आहे. मोर्चा काढू नका असे मी म्हणतच नाही. पण संयुक्त महाराष्ट्र दगडाने मिळाला असेही नाही. सत्याग्रह झाले, तुरुंग भरले, आणि १९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मतपेटीतून हादरा दिला. त्या लढ्यातले बहुतेक हुतात्मे पोलिसांच्या गोळीने गेले, हेही विसरू नका. म्हणून संयम फक्त लोकांनी पाळायचा आणि बंदूकवाल्याने नाही, असे माझे म्हणणे नाही. १९७४ ची आमची मागणी मला आजही रास्त वाटते. पण ती मागणी आणि माझा दगड ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली जमा दुसऱ्यात वळती होत नाही.

म्हणून तरुण मंडळींना साधे सांगणे. "ते लोक" असे म्हणून कुणी अख्ख्या जातीला, भाषेला, धर्माला, धंद्याला चोर ठरवू लागला की तिथून उठा, मग तो आपल्या बाजूचा का असेना. जो पुढारी मोर्चात शेवटपर्यंत पायी चालणार नाही, त्याच्या मोर्चात जाऊ नका. शेजारी तोंड बांधलेला आला तर आधी स्वयंसेवकाला दाखवा. निवेदन लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. आणि मारहाणीचा व्हिडिओ आला तर एक रात्र जाऊ द्या, मग पुढे पाठवायचा का ते ठरवा. सकाळी बहुतेक वेळा हात उचलत नाही.

नातवाला मी फोन करून ही दगडाची गोष्ट सांगितली. घरात पहिल्यांदाच. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, त्यांना कधी सांगितलंत का?"

मी म्हटले, नाही रे.

तो काही बोलला नाही. संध्याकाळी बघितले तर त्याने तो व्हिडिओ काढून टाकला होता.

मंडळी, तुमच्याही घरात १९५६ च्या, ७४ च्या, नंतरच्या दंगलींच्या आठवणी असतील. आपल्याला काय झाले ते आपण नेहमी सांगतो. आपल्या हातून काय झाले तेही कधी लिहा. माझे म्हणणे पटले नसेल तर खुशाल खाली भांडा, फक्त उत्तर दिल्याशिवाय कुणाला परत पाठवू नका.

तुमचा,
एक निवृत्त बँकवाला, अडाजण, सुरत